चालू

मराठी माणसाच्या कानावर ‘चालू’ हा शब्द पडला की त्याला आधी बटण आठवतं, मग गाडी, आणि मनात खोट असेल तर एखादी शेजारीण. तेलगू माणसाचं तसं नाही. त्याच्या भाषेत ‘चालु’ म्हणजे पुरे. बस, आता नको. पैनगंगेच्या अलीकडे जो शब्द यंत्र सुरू करतो, तोच पलीकडे ते थांबवतो. देवानं भाषा वाटताना अशी थट्टा का करून ठेवली ते त्यालाच ठाऊक. थट्टा करणाऱ्याचं काय जातं? ज्याच्या अंगावर येते त्याचं जातं.

गीतांजलीला हा शब्द कळला लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात. अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या गल्लीत मल्लेशनं एक खोली घेतली होती. तिथं नव्या कोऱ्या स्टोव्हवर तिनं वांग्याची भाजी केली, भात केला, वरण केलं. नवरा ताटावर बसला. तिनं भातावर वरणाची पळी ओतली.

“चालु,” मल्लेश म्हणाला.

तिला वाटलं, चालू ठेव म्हणतोय. भूक लागली असेल बिचाऱ्याला. तिनं दुसरी पळी ओतली.

“चालु, चालु!”

“वाढून राहिली ना बाप्पा! जरासा दम धर ना!”

त्यानं ताटावर हात आडवा धरला. तिला वाटलं, नवा नवरा लाजतोय. मग तिनं बोटांच्या फटीतून तिसरी पळी सोडली, आणि वरण ताटाचा काठ ओलांडून त्याच्या मांडीवर आलं. मल्लेश उडी मारून उठला आणि हसत सुटला. आमच्याकडे चालु म्हणजे बस, हे त्यानं मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत सांगितलं तेव्हा तीही भिंतीला टेकून पोट धरून हसली. स्टोव्हवरचं दूध उतू गेलं तरी दोघांना कळलं नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात तो एक खेळच झाला. तो चालु म्हणायचा, आणि ती मुद्दाम आणखी एक पळी वाढायची. “तूच तं म्हनला चालू,” असं वर तोंड करून म्हणायची. मल्लेश डोक्याला हात लावून ती पळी संपवायचा. लग्न कशावर टिकतं हे कोणी सांगू नये, पण यांचं बरंचसं त्या एका पळीवर टिकलं होतं.

मल्लेश आदिलाबादकडच्या एका खेड्यातला. तिकडे विहिरी आटल्या तशी गावातली तरणी माणसं मिळेल त्या दिशेला पांगली, आणि हा अकोल्यात कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगवर येऊन चिकटला. रुईच्या गठाणी घेऊन ट्रक नागपूरकडे निघाला की हा वर बसून जायचा. अमरावती ओलांडल्यावर नांदगाव पेठेत ट्रकवाले गाडीला हार घालायला थांबत, आणि हार विकायला बसलेली असायची सहदेवची मुलगी गीतांजली. सहदेवची झेंडू आणि शेवंतीची शेती होती. त्याला हा जावई पसंत नव्हता. “ना त्याची भाषा आपल्याले समजे, ना आपली त्याले,” तो म्हणाला. “मी घेईन समजून,” ती म्हणाली, आणि विषय संपला. तिचा स्वभावच तसा होता. एकदा मनात घेतलं की बापालाही तिच्या वाटेतून बाजूला व्हावं लागे.

जिनिंगमध्ये मल्लेशचं काम प्रेसवर होतं. रुई दाबून गठाण बांधायचं ते यंत्र, त्याला सगळे प्रेसच म्हणत. एक जण दांड्यावर उभा राहून प्रेस थोडी थोडी वर घेई, आणि दुसरा पलीकडून खाचेत हात घालून लोखंडी पट्टी सरळ करी. मध्ये रुईचा ढीग असल्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नसत. सगळं काम आवाजावर चाले. दांड्यावर असायचा वली. अकोटफैल मोहल्ल्यातला वली म्हणजे अर्धा वऱ्हाडी, अर्धा उर्दू, आणि कान मात्र पुरा तिखट. मल्लेश कामाच्या तंद्रीत आपल्या भाषेत ओरडायचा, ते त्यानं पहिल्या आठवड्यातच पकडलं. ‘इंका’ म्हणजे अजून. ‘चालु’ म्हणजे थांब. पलीकडून “इंका, इंका” आलं की वली दांडा ओढे, “चालु” आलं की सोडून देई. दोघांचं असं जमलं होतं की बघणाऱ्यानं बघत राहावं.

त्या वर्षी कापसाचं काही खरं नव्हतं. भाव बसले होते, माल कमी येत होता, शहरातली एकेक जिनिंगं कुलूप लावून मोकळी होत होती. ज्याच्याजवळ काम होतं तो ते दातांनी धरून होता. प्रेसवरचा मुकादम होता शालिकराम. बोलायला गोड, मालकापुढे कमरेत वाकलेला, आणि मजुरांपुढे ताठ. त्यानं त्या दिवसांत नवा मोबाइल घेतला होता, आणि तो कानाला लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

वली शुक्रवारी दुपारच्या नमाजाला जायचा. तेवढा वेळ प्रेस थांबायची आणि माणसं जेवून घ्यायची. पण त्या शुक्रवारी ट्रक दारात खोळंबले होते. शालिकराम म्हणाला, कशाला थांबता, मीच धरतो दांडा. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मोबाइल. पलीकडे मल्लेशनं सवयीनं खाचेत उजवा हात घातला आणि सवयीनंच आवाज दिला.

“इंका... इंका... चालु.”

प्रेस थांबली नाही.

“चालु! चालु!”

अख्ख्या शेडनं तो आवाज ऐकला. त्यानंतरच्या ओरडण्याला कुठलीच भाषा नव्हती.

हात मनगटापासून गेला. दवाखान्यात गीतांजली त्याच्या उशाशी बसून होती, आणि त्या चादरीखाली हात संपतो तिथं बघायचं नाही असं ठरवूनसुद्धा दर थोड्या वेळानं बघत होती. तो शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य म्हणाला, “मी बोललो होतो ना, चालु.”

मग जिनिंगच्या अंगणात सगळे गोळा झाले. मालक शेठ खुर्चीवर, मजूर उभे. गीतांजली वलीच्या शेजारी उभी होती. शालिकरामनं डोळे पुसले. खरंच पुसले, तिनं पाहिलं.

“शेठ, थो सोताच चालू चालू वरडून राहिला होता. इचारा कोनालेबी. चालू म्हनल्यावर मी काय बंद करू?”

शेठनं एकेकाला विचारलं. एकेकानं मान हलवली. हो, चालू चालू असंच ऐकलं. कोणी खोटं बोललं नाही, यातच तर सगळी मेख होती.

वली पुढे झाला. “शेठ, त्याच्या भाषेत चालु म्हंजे बस. मी त्याच्यासंगं काम केलं, मले मालूम आहे.”

“तुले मालूम असन!” शालिकरामचा आवाज चढला. “मले काय तेलगू येते? मी मानूस वऱ्हाडातला, मले पैनगंगेच्या पलीकडचं काय समजते?” तो ताडताड प्रेसपाशी गेला आणि तिच्यावर पंजा ठेवला. “या मशीनची शपथ! मले तेलगूचा एक शब्द येत असन, तं मायाबी हात असाच जावो!”

यंत्राची शपथ कोणी उगीच घेत नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेठ उठले आणि म्हणाले, “यात कोणाचीच चूक नाही. शब्दाची चूक आहे. आता शब्दावर काय केस करायची?” मग त्यांनी हात वर केले. त्यांना वर करायला दोन होते.

गीतांजलीनं तेव्हा ते मानलं. कोणाचीच चूक नाही म्हटल्यावर राग तरी कोणावर धरायचा? ती शब्दावर चिडली, देवावर चिडली, शुक्रवारवर चिडली. खोलीच्या तोंडाशी तिनं हारांचं दुकान मांडलं. मल्लेश तिच्या बाजूला बसून दोऱ्याचं टोक दातांत धरायचा आणि डाव्या हातानं झेंडू ओवायचा. बापाकडून एसटीनं फुलं यायची. पोट भरत होतं.

पण अकोल्याला नाव ठेवायची भारी हौस. जिनिंगमधून ती गोष्ट बाहेर आली आणि मल्लेशचं नाव पडलं चालू. गल्लीतली पोरं त्याच्या मागून “चालू! चालू!” करत पळायची. मग कोणा शहाण्याला सुचलं की चालूची बायको ती चालूबाई. मोटारसायकल थांबवून, डोळा बारीक करून लोक विचारायचे, “काय चालूबाई, हार कितीले देता?” आणि मागे बसलेला खिदळायचा. गीतांजली एकदा एकाच्या अंगावर पाण्याची बादली रिकामी करून आली. दुसऱ्या दिवशी दुसरा आला.

मल्लेशनं आपली भाषाच सोडली. गावाहून आईचा फोन आला की तिच्याशीही वऱ्हाडीत बोलायचा. ती म्हातारी तिकडून रडायची आणि हा फोन ठेवून द्यायचा. आणि जेवताना, गीतांजलीनं वरण वाढलं की म्हणायचा, “बस.” साधं सरळ बस. त्यावर एक पळी जास्त वाढायचं काही कारणच उरलं नव्हतं. हात गेला ते तिनं सहन केलं होतं. हे ‘बस’ तिला रोज दोन वेळा सहन करावं लागत होतं, आणि ते होत नव्हतं.

दिवाळीच्या आधी गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात उत्सव असतो. तिची आई पार्बताबाई दर वर्षी तिथं हारांचा पाट मांडायची, आणि त्या वर्षी मदतीला गीतांजली गेली. आश्रमाच्या रस्त्यावर माणूस मावत नव्हता. आदिलाबादकडूनही पुष्कळ मंडळी आली होती. समोरच्या कडुलिंबाखाली त्यांच्यातलं एक कुटुंब डबे सोडून जेवायला बसलं होतं. एक म्हातारी चिंचेचा भात वाढत होती. तिच्या बोलण्यातले एकदोन शब्द गीतांजलीच्या कानावर पडले आणि तिला बरं वाटलं. घरात मेलेली भाषा इथं रस्त्यावर जिवंत होती. म्हणून ती तिकडे बघत राहिली, आणि म्हणून तिला तो दिसला.

शालिकराम त्यांच्यात मांडी घालून बसला होता. आणि बोलत होता. अडखळत नाही, जुळवत नाही, घडाघडा बोलत होता. काहीतरी गमतीचं सांगत असावा, कारण म्हातारीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. तिनं भाताची मूठ त्याच्या पत्रावळीकडे नेली.

“इंका कोंचेम?” म्हणजे, अजून थोडा?

शालिकरामनं पत्रावळीवर हात आडवा धरला. “चालु अम्मा, चालु!”

गीतांजली जागची हलली नाही. एक गिऱ्हाईक हार मागून कंटाळून निघून गेलं. पार्बताबाई काहीतरी म्हणाली ते तिला ऐकूच आलं नाही. शालिकराम हात धुऊन गर्दीत दिसेनासा झाला तेव्हा ती उठली आणि म्हातारीकडे गेली. हे कोण, म्हणून तिनं विचारलं. म्हातारी मोडक्या हिंदीत कौतुकानं सांगू लागली. हमारे गाँव की जिनिंग में था, बहुत साल. हमारे बाजू में रहता था, हमारे घर में खाता था. “घर का आदमी,” म्हातारी म्हणाली, आणि गीतांजलीच्या हातावरही भात ठेवला. गीतांजलीनं तो खाल्ला. भाताचा काय दोष?

पण परतीच्या एसटीत तिच्या अंगाची आग आग होत होती. शब्दाची चूक! इतके दिवस ती शब्दाला शिव्या देत बसली, आणि शब्द बिचारा निर्दोष होता. त्यानं आपलं काम चोख केलं होतं. मल्लेशच्या तोंडून निघाला, रुईचा ढीग ओलांडला आणि शालिकरामच्या कानात बरोब्बर अर्थासकट पोचला. त्या कानाला मोबाइल होता म्हणून तो आत गेला नाही. एवढंच असतं तरी तिनं एक वेळ समजून घेतलं असतं, माणूस बोलण्याच्या नादात असतो. पण नंतर त्यानं डोळे पुसले. नंतर त्यानं शपथ घेतली. मल्लेशनं स्वतःच्या तोंडानं स्वतःचा हात मागून घेतला, असं गावभर झालं, ते यानं होऊ दिलं. तिच्या घरातला सगळ्यात गोड शब्द यानं उचलून रस्त्यावर फेकला आणि वर थुंकला. नाही, याला सोडायचं नाही. अमरावती गेलं, बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि तिच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

मल्लेशला ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वलीला गाठलं आणि सगळं सांगितलं.

“या अल्ला,” वली म्हणाला. “भाभी, चाला, आत्ताच्या आत्ता शेठकडे जाऊ.”

“जाऊन काय सांगू? मोझरीले बुढीनं भात वाढला म्हनून? थो म्हनन, मी नोहोच. पुन्हा हात ठेवन मशीनवर. त्याले शपथ घ्याले काय लागते वलीभाई? मांगच्या शपथेनं त्याचं काय वाकडं झालं?”

“मंग?”

“त्याच्या तोंडातून निंगलं पायजे. त्याच अंगनात, त्याच लोकायसमोर.”

वलीनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते त्याला फारसं आवडलं नसावं. पण मल्लेशचा हात ज्या दांड्यानं गेला तो दांडा रोज त्याच्याच हातात असे. “लाभपंचमीले मुहूर्ताचं जेवन आहे,” तो हळूच म्हणाला. “वाढाले बाया लागतेच. मी पानी वाढतो. तुमचं नाव सांगून ठेवतो.”

मग घरात एकटी असली की गीतांजली भांडी घासताना तीन शब्दांची तालीम करायची. तीन कसले, दोनच. इंका कोंचेम? म्हातारीनं कसा शेवट लांबवला होता, आवाज कसा मायेनं वर नेला होता, तसाच. एकदा मल्लेश दारात येऊन उभा होता ते तिला कळलं नाही. त्यानं ऐकलं आणि तोंड फिरवून निघून गेला.

लाभपंचमीला जिनिंगचा हंगाम सुरू झाला. प्रेसला झेंडूचे हार गीतांजलीनंच घातले. ज्या खाचेत हात गेला होता तिच्यावर तिनं सगळ्यात मोठा हार सोडला. पूजा झाली, नारळ फुटला, आणि अंगणात पंगत बसली. मल्लेश यायला तयार नव्हता. “मायासाठी चाल,” ती म्हणाली. “एवढं एक डाव.” तो आला. समोरच्या रांगेत बसला, आणि डावा हात पत्रावळीकडे नेताना त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेजारचा माणूस थोडा सरकून बसला. पंगतीत डाव्या हातानं जेवणारा कोणाला आवडत नाही.

शालिकराम रांगेच्या तोंडाशी बसला होता, नवा सदरा घालून. शेठ पंगतीतून फिरत होते. चुलाणावर वरणाचा हंडा रटरटत होता. गीतांजलीनं पहिल्या फेरीत सगळ्यांना वाढलं, शालिकरामलाही वाढलं. तो म्हणाला, “कसं काय वहिनी, बरं आहे ना?” ती म्हणाली, “तुमची किरपा.”

दुसऱ्या फेरीला ती हंड्यापाशी थांबून राहिली. बुडबुडे फुटत असलेलं वरण तिनं बादलीत काढून घेतलं आणि वाढायचं ओगराळं त्यात सोडलं. तेवढ्यात शालिकरामचा मोबाइल वाजला. देवानं एवढ्या दिवसांनी एक गोष्ट बरी केली. डाव्या हातानं मोबाइल कानाला लावून शालिकराम खाली मान घालून बोलू लागला. ती त्याच्या उजव्या बाजूला वाकली, आणि मोझरीच्या म्हातारीच्या आवाजात मायेनं म्हणाली,

“इंका कोंचेम?”

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. पत्रावळीवर हात आडवा धरला. “चालु, चालु.”

गीतांजली बादली खाली ठेवून सरळ उभी राहिली. “काय म्हनले मुकादम? जरा जोरानं सांगा. पंगतीले आयकू जाऊ द्या.”

शालिकरामनं मान वर केली. ओगराळं कोणाच्या हातात आहे ते त्यानं पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. मोबाइल मांडीवर पडला. पंगतीतल्या माना तिकडे वळल्या.

“मी यायले तेलगूत इचारलं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, “का अजून वाढू का. यायनं तेलगूत सांगतलं, बस म्हनून. ज्यायले तेलगूचा एक शब्द येत नाई, त्यायनं.”

“कायले बावा...” शालिकराम हसायला गेला. “मी मराठीतच म्हनलो ना वहिनी. चालू म्हनलो. चालू!”

“मराठीत?”

“हाव तं! मराठीत!”

“म्हंजे वाढत राहू?”

आता त्याला कळलं आपण कुठं येऊन बसलो ते. पाण्याचा जग घेऊन वली त्याच्या पाठीशी उभा होता. शेठ जागीच थांबले होते. ओगराळं त्याच्या पत्रावळीवर वाफाळत होतं. जेवणाऱ्याची सवय मोठी वाईट असते. वाढणारा ऐकेना की माणूस हात काढत नाही, जास्तच पसरतो. शालिकरामनंही तेच केलं.

“आयकलं ना सगळ्यायनं?” गीतांजली म्हणाली. “सोताच म्हनले, चालू.”

पहिलं ओगराळं त्याच्या पंजावर पडलं. तो किंचाळला आणि हात ओढू लागला, पण तोवर तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं होतं. लहानपणापासून विहिरीचा दोर ओढलेला हात होता तो. “चालू म्हनल्यावर मी काय बंद करू?” ती म्हणाली, आणि दुसरं ओतलं.

“बस! बस!”

“कोन्या भाषेत?”

“येते! येते मले तेलगू! समजलं होतं मले! फोनच्या नादात उशीर झाला, माय, समजलं होतं!”

सगळ्या पंगतीनं ते ऐकलं. ज्यांनी त्या दिवशी माना हलवल्या होत्या त्यांनी आज खाली घातल्या. त्याचं मनगट अजून तिच्या मुठीतच होतं. जे हवं होतं ते तिला मिळालं होतं.

समोरच्या रांगेतून आवाज आला.

“गीता.” मल्लेश अर्धवट उठला होता. त्याचा डावा हात भातानं माखलेला होता. तो शालिकरामच्या लाल झालेल्या पंजाकडे बघत होता, आणि आपण कोणत्या भाषेत बोलतोय याचं त्याला भान नसावं. “चालु, गीता. चालु.”

किती दिवसांनी तो शब्द त्याच्या तोंडून आला होता. गीतांजलीचे डोळे भरून आले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या शब्दाचा अर्थ काय, तो कोणत्या नदीच्या पलीकडचा, हे त्या अंगणात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

“तूच तं म्हनला चालू,” ती म्हणाली. आणि तिनं ओगराळं पुन्हा बादलीत बुडवलं. मल्लेशनं चालु म्हटलं की एक जास्त वाढायचं, हा त्यांच्या घरचा रिवाजच होता.